वहिनी डोहात उतरल्या

जळगाव जामोदच्या उत्तरेला आमचं शेत आहे. तिथून सातपुडा इतका जवळ दिसतो की संध्याकाळी त्यातल्या घळींच्या सावल्यासुद्धा वेगवेगळ्या ओळखता येतात. माझे मोठे भाऊ आणि वहिनी ते शेत करतात. वांगी, मिरची, थोडी कपाशी. मी बुलढाण्याला शाळेत शिकवतो आणि सुट्टी लागली की तिकडे जातो. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी चौथीत होतो. त्यांनी मला शाळेत पाठवलं, तापात उशाशी बसल्या, माझ्या लग्नात आईच्या जागी उभ्या राहिल्या. पण त्यांना स्वतःला काय हवं आहे, हे मी कधी विचारल्याचं आठवत नाही.

त्यांनीच एकदा सांगितलं. मुलीचं लग्न होऊन घर रिकामं झालं होतं. मिरची तोडता तोडता त्या डोंगराकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, त्या घळीतून नदी येते ना, तिच्यातून मले चालत जायचं हाय. वरून खालपर्यंत."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

नदीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथे गर्दी झालेली मला आवडणार नाही. पावसाळ्यात ती घळ दुथडी वाहते आणि उन्हाळ्यात तिथे नुसतं वाळवंट असतं. काळा खडक, वाळू, तापलेले गोटे. मधले दिवस तेवढे चालण्याजोगे. एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की काठच उरत नाही. त्या चिंचोळ्या जागेत एक लांब डोह आहे आणि पुढे जायचं तर पाण्यातूनच जावं लागतं.

मी फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून वाट शोधू लागलो. वहिनींची रीत वेगळी. घरात लग्न काढावं तशी त्या आखणी करत, शेवटाकडून सुरुवात करून. जीप कुठे उभी राहील? ऊन डोक्यावर येईल तेव्हा सावली कुठे असेल? आणि पुन्हा पुन्हा एकच प्रश्न, "इथं कोनाले काही झालं, तर बाहेर निघाची वाट कोनती?" घळीला मिळणारा प्रत्येक नाला त्यांनी मला मोठा करून दाखवायला लावला. गुरं चढतात असे दोन-तीन नाले सापडले तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. वरच्या अंगाला, मेळघाटाकडे, त्यांची मामेबहीण राहते. तिला सांगून ठेवलं की तिकडे पाऊस झाला तर लगेच फोन कर. आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं असलं तरी वरचा पाऊस घळीत लोंढा घेऊन येतो, याची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती होती.

आता राहिला डोह. वहिनींना पोहता येत नव्हतं.

दादांना, म्हणजे माझ्या भावाला, हे सगळं खूळ वाटत होतं. "या वयात काऊन पान्यात उतरतं? पाय घसरला तर?"

"तेच म्हनते मी. घसरला तर पोवता आलं पाह्यजे," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेलो तर दादा विहिरीच्या पायरीवर बसलेले. हातात दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला वहिनी. मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घातलेला, पाठीला तेलाची रिकामी कॅन बांधलेली. नाकातोंडात पाणी जात होतं, त्या खोकत होत्या, आणि दादा ओरडत होते, "पाय मार! हात नको आपटू, पाय मार!" मी आडोशालाच थांबलो. त्या दोघांना इतकं एकमेकांत गुंतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीपर्यंत पाठीवरची कॅन गेली. मग दोरही गेला.

आम्ही हिवाळ्याच्या तोंडाला निघालो. वनखात्याची परवानगी घेतली होती, त्यांनी दिलेला वाटाड्या बरोबर होता. भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे, भरपूर पाणी आणि डोहासाठी ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा कॅनव्हासचे बूट घातले होते आणि थोड्या थोड्या वेळाने त्या खाली वाकून ते पाहत होत्या.

घळीत शिरलो तसा आवाज बदलला. बोललेलं खडकावर आपटून परत येई. कड्याच्या कपारीत मधमाश्यांची पोळी लटकलेली होती, वाळूत अस्वलाचे ठसे होते. वहिनी सगळं थांबून थांबून पाहत होत्या. डोह एका वळणापलीकडे असताना माझ्या पायाखालचा गोटा फिरला. घोट्यात कट्‌कन आवाज झाला आणि मी खाली बसलो. पाय टेकवेना.

"तुम्ही जाऊन या," मी म्हणालो. "वाटाड्या आहे माझ्याजवळ. इतकं शिकलात, आता दोन पावलांवर डोह आहे."

"तुमाले इथं असं टाकून मी पोवत बसू काय?" त्यांनी ओढणी काढली, माझा घोटा करकचून बांधला आणि दादांकडे वळल्या. "मांगं तो बोरीचा नाला गेला ना, तिथून वर काढा लागते."

नकाशावर त्यांनीच निवडलेला नाला होता तो. दादा आणि वाटाड्याच्या खांद्यांवर हात टाकून मी चढलो. वहिनी पुढे काट्या बाजूला करत होत्या, मध्येच मला बसवून गूळ भरवत होत्या. वर फोन लागला, त्यांनी जीप तिकडेच बोलावून घेतली. दिवस मावळायच्या आत आम्ही दवाखान्यात होतो. हाड मोडलं होतं.

प्लास्टर निघेपर्यंत मी शेतावरच राहिलो. त्या सबंध काळात वहिनींनी डोहाचं नाव काढलं नाही. शेवटी मीच विषय काढला, माझ्यामुळे राहिलं म्हणालो. त्या मेथी निवडत होत्या. "डोह काही कुठं जात नाही. पयले पाय नीट करा तुमचा," एवढंच म्हणाल्या. पण रोज सकाळी त्या विहिरीवर जात होत्या, अगदी थंडीतसुद्धा, आणि ओले केस पुसत घरी येत होत्या.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा ठरवलं. मामेबहिणीचा फोन आला की वर ढग भरून आलेत, तर वहिनींनी बांधलेल्या भाकरी फडक्यातून काढून सगळ्यांना वाढल्या आणि जाणं पुढे ढकललं. नंतर गेलो तेव्हा मी प्रत्येक गोटा पारखून पाय ठेवत होतो. वळण ओलांडलं आणि डोह समोर आला. हिरवंगार, न हलणारं पाणी, दोन्ही बाजूंना सरळ कडे.

भाकरीची पिशवी ट्यूबवर ठेवून मी आणि दादा ती धरून पाण्यात शिरलो. पाणी इतकं गार की श्वास अडकला. वहिनी ट्यूबला शिवल्यासुद्धा नाहीत. हळूहळू पाय मारत त्या आमच्या पुढे गेल्या. मधोमध पोचल्यावर उताण्या झाल्या आणि नुसत्या तरंगत राहिल्या. वर आभाळाची निळी पट्टी, तीत एक घार फिरत होती.

"चाल ना, थंडी वाजून राह्यली," दादा म्हणाले.

"थांबा जरा. मले पाहू द्या."

आम्ही थांबलो. ट्यूबला धरून मी कुडकुडत होतो, पण मला घाई नव्हती. माझ्या लहानपणापासून वहिनी माझ्यासाठी किती वेळा थांबल्या, ते सगळं मला त्या पाण्यात आठवत होतं. आज त्यांच्यासाठी थोडा वेळ थांबायला मिळालं, याचंच मला फार बरं वाटलं.

पलीकडच्या खडकावर ऊन होतं. तिथे कपडे वाळवत भाकरी खाल्ल्या. दुपार कलल्यावर घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा जीपवाला आमचे चुरगळलेले कपडे न्याहाळत म्हणाला, "डोहातून आले काय? कसे आले?"

वहिनी बोलायच्या आत दादाच पुढे झाले. "आम्ही दोघं ट्यूब धरून आलो," ते म्हणाले. "ही पोवत आली."

आणि घरापर्यंत त्यांनी ते त्याला आणखी दोनदा सांगितलं.