वर्गमित्रांना 'अहो' म्हणणारी मुलगी

मंडळी, आज दुपारी लेकीबरोबर तिची आवडती ॲनिमे बघत होतो. जपानी शाळेतली गोष्ट. लेक चौदा वर्षांची, पुण्याहून न्युरेम्बर्गला येऊन तिला वर्ष होतंय.

त्यात एक दुय्यम पात्र आहे. ही मुलगी वर्गातही मिटलेली छत्री हातात धरून बसते आणि वर्गमित्रांना, अगदी मांजरालासुद्धा, अहो-जाहो करते. जर्मन सबटायटलमध्ये कुठेही 'डू', म्हणजे 'तू', नाही, चोख आदरार्थी 'झी'. मी हसून म्हणालो, "ही तर अहोबाई."

लेक हसली नाही. "बाबा, मला वर्गात 'फ्राऊ झी' म्हणतात. म्हणजे अहोबाईच."

"का?"

"पहिल्या दिवशी मी सगळ्यांना 'झी' म्हटलं. तुम्हीच शिकवलं होतंत, अनोळखी माणसाला 'डू' म्हणायचं नाही."

मी क्लास न लावता, पुस्तकांवरून जर्मन शिकलो. तिलाही मीच शिकवलं. नियम बरोबरच आहे. पण शाळकरी मुलं एकमेकांना पहिल्या भेटीतच 'डू' म्हणतात, हे ऑफिसातलं जर्मन बोलणाऱ्या मला सुचलंच नाही.

"अगं, मग आता 'डू' म्हण ना."

"म्हणते. तरी मी तोंड उघडलं की सगळे उठून वाकतात. म्हणून आता बोलतच नाही."

पडद्यावर छत्रीवाली काहीतरी बोलली आणि वर्ग हसला. लेकीने आवाज बंद केला.

उद्या सोमवार. तिला काय सांगून शाळेत पाठवू, कळत नाही.

तुमच्या मुलांना वर्गात काय म्हणून हाक मारतात, कधी विचारलंय?