फिर्यादी आणि आरोपी एकाच स्कूटरवर

चंद्रव्वा कडक भाकरी करून विकते. सात रस्ता चौकामागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर आहे. समोर श्रीमंत राहतो. नाव श्रीमंत, धंदा बँडचा, आणि लगीनसराई संपली की खिसा रिकामा. तिला तो अक्का म्हणतो आणि भाकरी तिच्याच हातची खातो.

वरातीत फिरवायला दिव्यांची नवी गाडी हवी म्हणून त्यानं अक्काकडून पैसे उसने घेतले आणि ऐटीत चेक लिहून दिला.

"अक्का, ह्यो चेक म्हंजे माजा शब्द."

शब्द बँकेतून परत आला, खात्यात पैसे नसल्याची चिठ्ठी घेऊन. "पुढल्या महिन्यात टाका की," श्रीमंत म्हणाला. पुढल्या महिन्यातही तेच. मग चंद्रव्वानं आफरीन वकिलीणबाईंना गाठलं. त्यांनी नोटीस धाडली. नोटिशीची मुदत उलटली तरी श्रीमंत हलला नाही, आणि केस उभी राहिली.

पहिल्या तारखेला ती रिक्षा शोधत होती. श्रीमंत स्कूटर घेऊन पुढ्यात थांबला.

"कोर्टातच जायचं न्हवं? बसा की. रिक्षाला कशाला पैसं घालवताय?"

तिला ते पटलं. ती बसली. कोर्टाच्या फाटकात आफरीनबाईंनी दोघांना एकत्र उतरताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"चंद्रव्वा, तो आरोपी आहे!"

"व्हय की. पर शेजारी बी हाय."

पुढे हेच चालू झालं. तारखेला दोघं एका स्कूटरवर यायची, कँटीनबाहेर तिच्या पिशवीतली भाकरी न्‌ शेंगाचटणी खायची, पुकारा झाला की समोरासमोर उभी राहायची आणि पुढची तारीख घेऊन घरी जायची. भाकरीचा वास लागून कोर्टातली एक महिला पोलीस दर तारखेला चौकशी करू लागली.

उलटतपासणीच्या दिवशी मात्र श्रीमंतचे वकील उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, भाकरी द्यायला आरोपीच्या घरात गेलात तेव्हा हा चेक तुम्हीच उचललात. खरं ना?"

चंद्रव्वानं श्रीमंतकडे पाहिलं. तो खाली फरशी बघत होता.

"साहेब," ती म्हणाली, "त्याच्या घरात उचलण्यासारखं काय असतं तर मी त्याला पैसं कशाला दिलं असतं?"

सगळं कोर्ट हसलं. ती हसली नाही. बाहेर येऊन ती तडक पायी निघाली. श्रीमंत स्कूटर ढकलत मागोमाग.

"अक्का, वकिलानं सांगितलं असंच म्हणायचं म्हून..."

"मी चोर व्हय रे? माज्या हातचं किती वर्सं खाल्लंस?"

गर्दीतून, हॉर्न खात, तो घरापर्यंत तसाच स्कूटर ढकलत आला. नंतरचे काही दिवस तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. भाकरी थापताना ती दाराकडं पाठ करून बसायची.

पुढच्या तारखेला ती रिक्षानं गेली. पुकारा होताच श्रीमंतनं, आपले वकील मागून बाही ओढत असताना, हात जोडले. "साहेब, चेक मीच दिला. पैसं बी घेतलं. ही बाई चोर न्हाय. मला मिटवायचं हाय."

लोक अदालतीत तडजोडीला बसल्यावर आफरीनबाई लगेच पहिला हप्ता मागायला निघाल्या. चंद्रव्वानंच त्यांना थांबवलं.

"लगीनसराईत लावा हप्ते. आत्ता मागून त्याच्याकडं कुटून येणार?"

"तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात हो?"

"माज्या पैशाच्या."

श्रीमंतनं हप्ते फेडले. दोनदा उशीर झाला, दोनदा तिनं गल्ली दणाणून सोडली. शेवटचा हप्ता मिळाल्यावर केस निकाली निघाली आणि तारखा थांबल्या. तिला थोडं चुकल्याचुकल्यासारखंच झालं. आठवडाभरानं कोर्टातल्या त्या महिला पोलिसाचा फोन आला. पोलीस ठाण्यातल्या बदली झालेल्या मॅडमच्या निरोप समारंभाला पन्नास भाकरी हव्या होत्या, चटणी जरा झणझणीत. चंद्रव्वानं पीठ मळायला घेतलं आणि समोरच्या दाराकडं तोंड करून ओरडली, "श्रीमंता, गॅस संपलाय, सिलिंडर घेऊन ये की!"