साईं, एकच कॉपी

“साईं, एकच कॉपी. माझ्यासमोर.” दुकानात पाय ठेवताच ते हेच म्हणायचे; ‘साईं’ म्हणजे त्यांच्या सिंधीत ‘साहेब’. जळगावात सरकारी कचेऱ्यांजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एखादी प्रत काळी आली तर ती मागून घेत, बारीक फाडत आणि तुकडे खिशात टाकत. कचऱ्याची टोपली पायाशीच असे.

ते पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेले. तिकडे शाळामास्तर होते, इथे कापडाच्या दुकानात तागे उलगडत. नागरिकत्वाच्या अर्जाला बरीच वर्षं झाली होती. तोवर शहराबाहेर जायचं तर पोलिसांची परवानगी लागे. मुलगी दिली होती धुळ्याला, देवपुरात. तिला भेटायचं तरी अर्ज.

शेजारचा चहावाला मला बजावायचा, “तिकडना शे तो, भाऊ. जपीसन ऱ्हाय.” मला ते पटायचं. सरळ माणूस कागदाचे तुकडे घरी कशाला नेईल? तुम्हालाही हेच वाटलं असतं, असं मी अजून स्वतःला सांगतो.

एकदा साध्या कपड्यातले दोघे पोलीस त्यांच्या चौकशीला आले. मी न विचारलेलंही सांगितलं. कागद फाडतात म्हणालो, लपवतात म्हणालो.

त्याच सुमारास त्यांची मुलगी बाळंत व्हायची होती. परवानगी अडली. ते अर्जामागून अर्ज देत राहिले. एक दिवस मी विचारलं, “काका, अजून नाही आली?”

“कोणीतरी सांगितलं, मी कागद फाडतो,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, मशीनकडे बघत. मग त्यांनी आपल्या गावचं सांगितलं. त्यांनी काही लोकांविरुद्ध तक्रार लिहिली होती. झेरॉक्सवाल्याने तिची एक प्रत ठेवून घेतली आणि ती त्याच लोकांच्या हाती पडली. तक्रारीवर पत्ता होता. चार माणसं घर शोधत आली. दार थोरल्या भावाने उघडलं.

“तो दारातच गेला, साईं.”

मी कबूल करायला हवं होतं. मी त्यांना पाणी दिलं.

परवानगी आली तेव्हा नात पालथी पडायला लागली होती. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. झेरॉक्स काढायला पार मेहरूणपर्यंत जातात, असं कळलं.

मागच्या महिन्यात ते समोरून चालले होते. मुलगी माहेरी आलेली असावी, नात कडेवर होती. मी उठून दुकानाबाहेर आलो. त्यांनी मान लववून नमस्कार केला, नातीला माझ्याकडच्या कडेवरून पलीकडच्या कडेवर घेतलं आणि चालत राहिले.