दहावी नापास असल्यास एक दाबा

नातवंडं विचारतात, "आजी, तू ऑफिसात काय करायचीस?" खरं उत्तर एवढंच, की नाही म्हणायचे. शाळा सुटलेल्या बायकांना मोबाइलवरून दहावीचा अभ्यास शिकवणारी आमची संस्था. ॲप पोरं बनवायची. ते नियमात बसतंय का, बायकांची माहिती नीट सांभाळली जातेय का, हे बघणारी प्रमुख मी. बँकेतून निवृत्त होऊन आलेली, मानेला इस्त्री केलेली. या बाईंना, म्हणजे मलाच, वाटायचं, आपल्या सहीवाचून पुण्यात सूर्य उगवत नाही.

तर या बाईंनी फर्मान काढलं: विद्यार्थिनीला रेकॉर्ड केलेला फोन करून तिची माहिती आणि संमती स्पष्ट शब्दांत घ्यायची. शब्दही स्वतःच लिहिले. मग पहिली चाचणी बघायला खडकीला एका विद्यार्थिनीच्या घरी गेल्या.

तिच्या लग्नात वडिलांनी 'मुलगी दहावी पास' असं ठोकून दिलं होतं आणि सासरी आजवर तेच चालत आलं होतं. आता पदवीधर सुनेला कळलं तर तोंड कुठे लपवू, ही तिला धास्ती. म्हणून मी भजनी मंडळातली मैत्रीण बनून गेले.

फोन वाजला तेव्हा तिचे हात थालीपिठाच्या पिठात. सुनेने सवयीने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"नमस्कार. आपली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील," फोन खणखणीत आवाजात बोलला. "आपण दहावी नापास असल्यास एक दाबा."

सून सासूकडे बघायला लागली. सासूचा चेहरा पार उतरला, पण क्षणभरच. मग ती माझ्याकडे वळली.

"अहो, तुमचाच आलाय! तुमचा फोन बिघडलाय म्हणून माझा नंबर दिलात ना? दाबा की!"

एम.कॉम. झालेल्या बाईंनी मान खाली घालून एक दाबलं.

"अय्या काकू, लाजताय काय?" सून म्हणाली. "शिकायला कुठे वय असतं? गणिताचं टेन्शन आहे का?"

"फार!" सासूच मध्ये बोलली. "बीजगणित तर मुळीच कळत नाही हो त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात तो नियम अडवला. संचालक माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "मॅडम, पण हा नियम तुमचाच आहे."

"म्हणून तर लगेच अडवला. दुसऱ्याचा असता तर आधी समिती नेमली असती."

तेव्हापासून आम्ही फोन करायचं बंद केलं. विद्यार्थिनी तिच्या सवडीने, तिला एकांत मिळेल तेव्हा स्वतःच फोन करू लागली.

सुनेने मात्र मला सोडलं नाही. दर रविवारी खडकीत शिकवणी. सासूबाई शेजारी, 'काकूंना सोबत' म्हणून. सुनेने पुन्हा समजावून सांगावं म्हणून मी मुद्दाम चुकायचे, असं सांगायला छान वाटतं. निम्म्या चुका अस्सल होत्या.

परीक्षेचं हॉल तिकीट आलं तेव्हा सासूने धीर करून सुनेला सगळं सांगितलं.

"आई, मला केव्हाच कळलं होतं," सून हसत म्हणाली. "उत्तरं तुम्हीच काकूंच्या कानात सांगत होतात."