दगूबाईंचे गुडघे आणि सहा जणांचा टब

तापीकाठच्या प्रकाशा गावाचे भाईदास आबा पारखल्याशिवाय कोणतीच वस्तू घेत नसत. हे ते स्वतःच सांगत, आणि ते खरंही होतं. ट्रॅक्टर घेताना त्यांनी शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत नांगर चालवून पाहिला होता. ती जागा पुढे वर्षभर तशीच उखणलेली पडली होती. नवी चप्पल पायात घालून ते दुकानातून निघत ते थेट रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि परत येईपर्यंत दुकानदाराचा जीव टांगणीला लागे. नंदुरबारला एकदा गादी पाहायला गेले, तर गादीवर आडवे झाले आणि गाढ झोपले. दुपारी दुकानदार शटर ओढून जेवायला निघून गेला. परत येऊन शटर उघडलं तेव्हा आबा उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "गादी बरी शे. आते ती दुसरी दखाड."

अशा माणसाच्या घरात गुडघेदुखी आली. आली ती आबांच्या नव्हे, त्यांच्या बायकोच्या, दगूबाईंच्या गुडघ्यांत. जन्मभर पपईच्या शेतात, चुलीपुढे आणि ओट्यावरून अंगणातल्या खळ्यात उतरण्याचढण्यात गेलेले ते गुडघे आता उठताबसता कुरकुरायला लागले होते. चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते हलवून, दाबून पाहिले, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "रोज गरम पाण्यात पाय बुडवून बसत जा. गुडघे पाण्याखाली गेले पाहिजेत."

"घरमा मोठं पातेलं शे," दगूबाई म्हणाल्या.

आबांना हे पटलं नाही. तापीकाठी ज्याची एवढी बागायत, त्याची बायको पातेल्यात पाय घालून बसणार? त्यांनी सुरतला मुलाला फोन लावला. भूपेंद्र तिथे कपड्याच्या मिलमध्ये सुपरवायझर होता. त्याच्या शेठच्या बंगल्यावर एक भला मोठा टब होता. त्यात गरम पाणी असतं, माणसं गोल बसतात आणि भोकांतून पाण्याचे फवारे येऊन अंग रगडून निघतं, असं त्याने वर्णन केलं. त्याला हॉट टब म्हणतात. आबांनी फोन ठेवला आणि शेजारच्या भिकनला हाक मारली.

भिकन हा आबांचा बालमित्र. आबा जिथे जात तिथे तोही जाई, आणि आबा जे म्हणत ते तो जरा वेळाने म्हणे. त्यामुळे आबांना कायम दोन मतं मिळत.

सुरतच्या शोरूममध्ये टब रांगेने मांडले होते, कोरडे ठणठणीत. आबांनी चपला काढल्या आणि टोपीसकट पहिल्या टबात लांब झाले. भिकन पलीकडच्या टबात. दगूबाई दारापाशी खुर्चीवर, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन.

"काका, कैसा लगा?" विक्रेत्या मुलाने अदबीने विचारलं.

"पानी नही शे," आबा म्हणाले.

"पानी नही शे," पलीकडून भिकन म्हणाला.

मुलाने समजावलं की पाण्यासकट टब पाहायचा असेल तर आधी वेळ ठरवावी लागते आणि येताना कपडे आणावे लागतात. आबांनी पुढचा रविवार ठरवला. त्यांच्या मनात त्या शोरूमबद्दल आदर निर्माण झाला. पारखू देतो तो माल खरा, असं ते परतीच्या वाटेवर नवापूर येईपर्यंत सांगत राहिले.

रविवारी गाडी पुन्हा सुरतला गेली. या वेळी आबांनी तयारी केली होती. पिशवीत दोन टॉवेल, दोन चड्ड्या, खोबरेल तेलाची बाटली आणि घरचा स्टीलचा ग्लास. टबाच्या कडेला ग्लास ठेवायला जी खाच असते तिच्यात आपला ग्लास बसतो की नाही हे पाहायला नको? दुसऱ्या पिशवीत दगूबाईंनी आपलं एक जुनं लुगडं घडी करून घातलं होतं. त्याबद्दल त्या कोणाला काही बोलल्या नव्हत्या.

टब वाफाळत होता. आबा उतरले, भिकन उतरला, सुरतेतच असलेला भूपेंद्रही बापाबरोबर उतरला. उतरण्याआधी आबांनी चष्मा आणि फोन दगूबाईंकडे दिला, भूपेंद्रने घड्याळ दिलं, आणि भिकनने तोंडातली कवळी काढून, रुमालात गुंडाळून त्यांच्या ओंजळीत ठेवली. फवारे सुरू झाले. तिघांच्या तोंडून एकदमच "हाऽऽ" असा आवाज निघाला. मग पारख सुरू झाली. आबांनी प्रत्येक जागेवर बसून पाहिलं. भिकनला पाय लांब करायला लावले आणि त्याचे पाय आपल्या पायांना लागतात का ते बघितलं. टोपी भिजते का, पाठीला कुठली भोकं लागतात, मान टेकते का, सगळं झालं. ग्लास खाचेत बसला नाही. हा त्यांनी मोठा दोष धरला.

"जोर कमी शे," ते शेवटी म्हणाले. "मन्ही विहीरवरनी मोटर यानापेक्षा चांगलं पानी फेकस."

भिकनलाही बहुधा तेच म्हणायचं होतं, पण कवळी बाहेर असल्याने ते कोणाला कळलं नाही.

म्हणून मग नाशिक. नाशिकच्या शोरूममध्ये टब आणखी मोठा होता. पाण्यात रंगीत दिवे लागत, कडेतून गाणी वाजत, आणि फवारे असे की भिकन एकदा जागेवरून सरकून समोरच्या कडेला जाऊन थडकला. आबांचा चेहरा उजळला. ग्लासही खाचेत चपखल बसला. आबांनी खोबरेल काढलं तेव्हा विक्रेता धावत आला.

"काका, तेल नका हो लावू, फिल्टर खराब होतो."

"मंग साबण?"

"साबणही नाही."

"मंग अंघोळ कशी करतस यामा?"

"आंघोळ करून मग यात बसायचं असतं, काका."

हे आबांना विचित्र वाटलं, पण शहरातल्या लोकांचं पाणी आणि वेळ दोन्ही त्यांचंच, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. विक्रेत्याने तेवढ्यात दगूबाईंकडे पाहिलं. त्या बाजूच्या स्टुलावर तीन पिशव्या, दोन चष्मे आणि रुमालाची पुरचुंडी सांभाळत बसल्या होत्या.

"काकू, तुम्हीपण बसून बघा ना. तिकडे कपडे बदलायची खोली आहे."

दगूबाई पिशवीत हात घालत म्हणाल्या, "मी नुसता पाय..."

"राहू दे," आबा पाण्यातून म्हणाले, "पानीमा वल्ली व्हई जाशी."

दगूबाईंनी पिशवीतून हात काढून घेतला. विक्रेत्याने विषय बदलला आणि दिव्यांचे रंग दाखवायला लागला. निळा रंग आबांना जास्त आवडला.

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला आबांनी सगळा तौलनिक अभ्यास मांडला. सुरतचा टब उथळ, नाशिकचा खोल. सुरतला गाणी नाहीत, नाशिकला आहेत. सुरतच्यात चार जण, नाशिकच्यात सहा. भूपेंद्रची बायको दीपमाला गावातच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, म्हणून इथेच राहायची. पोळी वाढता वाढता तिने विचारलं, "आणि आई, तुम्हाला कुठला बरा वाटला?"

"माले?" दगूबाई हसल्या. "मन्हाकडे भिकनभाऊना दात व्हतात."

नाशिकचा टब ठरला.

तो आला त्या दिवशी अर्धं गाव गल्लीत जमलं. टेम्पो वळणावर अडकला, तेव्हा गावातल्या मिथुनचा जेसीबी बोलवावा लागला. पट्ट्यांना लटकत, विजेच्या तारा चुकवत टब खळ्यात उतरला आणि ओट्यापासून चार हात अंतरावर, काँक्रीटच्या नव्या चौथऱ्यावर बसला. नाशिकहून आलेल्या माणसाने जोडणी केली. पाणी भरलं, तापलं. दीपमालेने नारळ आणला, कुंकू लावलं. आबांनी नवा शर्ट घातला होता. ते ओट्यावर उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी टब कसा निवडावा हे सांगितलं. ते भाषण बरंच चाललं. मग म्हणाले, "पहिला मान घरनी लक्ष्मीना."

दगूबाई पुढे आल्या. बायका कौतुकाने सरकल्या. त्यांनी टबाच्या कडेला हात लावला आणि उजवा पाय उचलला.

पाय वीतभर वर आला आणि थांबला.

टबाची भिंत त्यांच्या कमरेच्या वर होती. त्यांनी डावा पाय उचलून पाहिला. तो तर वीतभरही आला नाही. दगूबाई कडेला धरून तशाच उभ्या राहिल्या. गाण्यांचा आवाज तेवढा चालू होता. सुरत झालं, नाशिक झालं, भोकं मोजून झाली, ग्लास बसवून झाला, पण ज्या गुडघ्यांना आत जायचं होतं ते आत जातील कसे, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

मग लोकांना उपाय सुचायला लागले. कोणी स्टूल आणलं. त्यावर चढायलाही गुडघाच लागत होता. कोणी शिडी म्हणालं. मिथुन तर जेसीबीकडे बोट दाखवत मनापासून म्हणाला, "माय, बकेटमा बठी जाय. हळूच ठेवसू."

"मी काय ऊसनी मोळी शे का?" दगूबाई म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या.

मग भिकन म्हणाला, "पानी तपेल शे. वाया काबर घालानं?" आयुष्यात पहिल्यांदाच तो आबांच्या आधी बोलला होता. त्याने कवळी काढली.

पुढे रोज संध्याकाळी टब भरायला लागला. भिकन तर ठरलेलाच. शिवाय सोसायटीचे चेअरमन, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य, आणि तापीच्या घाटावर पूजेला आलेला एखादा ओळखीचा पाहुणाही. निळ्या पाण्यात सहा डोकी, उसाच्या भावापासून अमेरिकेपर्यंत चर्चा. आणि पाहुणे म्हटले की चहा आला. दगूबाई ट्रे घेऊन ओट्यावरून खळ्यात उतरत, कडेवर कप ठेवत आणि परत ओटा चढत. एक फेरी झाली की नवा माणूस टबात उतरे आणि दुसरी फेरी निघे. सगळ्यांचे गुडघे झकास झाले. चेअरमन तर म्हणाले की त्यांची जुनी सायटिका गेली.

आबांना मात्र मजा येईना. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. वस्तू तर चोख होती.

एका संध्याकाळी ते हनुवटीपर्यंत पाण्यात बसले होते. दगूबाई ट्रे घेऊन ओट्याच्या कडेला आल्या. आबांची नजर ओट्याच्या बरोबर पातळीला होती, आणि एवढ्या खालून त्यांनी बायकोला कधी पाहिलं नव्हतं. दगूबाईंनी ट्रे खाली ठेवला. भिंतीला हात लावून त्या हळूहळू ओट्याच्या कडेवर बसल्या. दोन्ही हातांनी उजवा पाय धरून उचलला आणि खाली सोडला. मग डावा. मग ट्रे बाजूला ओढला, दातांवर दात दाबले आणि उभ्या राहिल्या. चेअरमन शेजारी कसल्याशा अनुदानाबद्दल बोलत होते. आबांनी ते ऐकलं नाही.

चहा देऊन दगूबाई परत गेल्या, त्याही तशाच. आधी बसून, मग फिरून, मग भिंत धरून.

आबा टबाबाहेर निघाले. "कप आठेच राहू द्या," ते ओलेत्याने म्हणाले, आणि सगळ्यांचे कप गोळा करून स्वतःच आत घेऊन गेले. भिकनचा अजून अर्धा चहा शिल्लक होता.

सकाळी मिथुनचा जेसीबी पुन्हा खळ्यात आला. "आठे खड्डा कर," आबांनी काठीने रेघ ओढली, "ओटाले लागीसन. टब आत गया पाहिजे, कड ओटाबरोबर." काँक्रीटचा नवा चौथरा फुटला. गावाने पुन्हा गर्दी केली. आबा टब पुरताहेत अशी बातमी शहाद्यापर्यंत गेली. नाशिकहून फोन आला. फोनवर आबा नेहमी शाळेतलं मराठी बोलत.

"काका, जमिनीत पुरला तर आमची वॉरंटी राहणार नाही."

"मग नका ठेवू," आबा म्हणाले.

मोटर काढता यावी म्हणून एका अंगाला माणूस उतरेल एवढी जागा ठेवली, पावसाचं पाणी जायला पाइप टाकला, आणि वरून शहाबादी फरशी लावून घेतली. ओटा आणि टब एक झाले. संध्याकाळी मंडळी टॉवेल घेऊन आली तेव्हा आबा दारातच उभे होते. आज बाई माणूस बसणार आहे, म्हणाले. मंडळी परत गेली. भिकन जरा रेंगाळला, मग तोही गेला.

दगूबाई ओट्याच्या कडेवर बसल्या. दोन्ही हातांनी एक पाय उचलून पाण्यात सोडला, मग दुसरा, आणि दीपमालेच्या हाताला धरून आत सरकल्या. आबांनी बटण दाबलं. फवारे उसळले, दिवे लागले, गाणं सुरू झालं. दगूबाईंनी कानांवर हात ठेवले.

"ती मोटर बंद करा. डोकं उठी ऱ्हायनं."

आबांनी मोटर बंद केली.

"गानंबी. आनि तो निळा दिवा."

आबांनी तेही बंद केलं. खळ्यात शांत झालं. "मंग नुसतं गरम पानीच ऱ्हायनं," ते जरा दुखावून म्हणाले.

"हा," दगूबाई म्हणाल्या. "तेच पाहिजे व्हतं."

आता रोज सांजेला त्या तासभर तिथे असतात. गुडघे काही नवे झाले नाहीत, पण सकाळी उठताना पूर्वीइतकं कण्हावं लागत नाही. आणि त्या तासात कोणी आलं तर चहा आबांना करावा लागतो. परवा चेअरमन आले होते. आतून आबांचा आवाज आला, "साखर कोठे शे?"

"निळा डबामा."

"निळा डबामा मीठ शे."

"मंग दुसरा निळा."

चहा घेऊन आबा बाहेर आले. चेअरमनांनी टबाची नवी रचना पाहून मान डोलावली. आबा त्यांच्याशेजारी बसले आणि समजावून सांगायला लागले, की टब म्हणजे मुळात जमिनीतच हवा, त्यात फवारे वगैरे फालतू, आणि हे सगळं त्यांनी सुरतला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दगूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. बोलायचं तर हनुवटी पाण्यावर काढावी लागली असती.