दुसऱ्या लेकराची ऊब

सुगंधाबाईंचा जन्म केळीच्या बागेत गेला. रावेरकडच्या त्यांच्या गावात घड उतरला की एकमेकांना चिकटलेली जुळी केळी आधी बाजूला काढायची आणि ती घरातल्या सुनांच्या हाती लागू द्यायची नाहीत, असा नेम. खाल्ली तर जुळी होतात. सुगंधाबाईंनी तो नेम एकदाच मोडला, तोही मुद्दाम. सून मोहिनीच्या लग्नाला वर्षं उलटली, तरी पाळणा हलेना. डोहाळेजेवणांना बाया तिला बोलवायच्या बंद झाल्या, तेव्हा बाईंनी एक जुळं केळं दुधात कुस्करलं, वर वेलची घातली आणि शिकरण म्हणून तिच्यापुढे ठेवलं.

मोहिनी आणि तिचा नवरा योगराज तेव्हा जळगावला उपचारासाठी जात होते. बाईंना ते ठाऊक होतं. पण इंजेक्शनं आपल्या जागी, केळं आपल्या जागी.

पोटात दोन आहेत कळल्यावर बाई गालातल्या गालात हसल्या. बाळं मात्र दिवस भरायच्या आधीच आली. मुलगा बरा होता. मुलगी ओंजळीत मावेल एवढी. आज पहिल्यांदाच तिला काचेच्या पेटीतून बाहेर काढलं होतं आणि आता तिला माणसाच्या उघड्या छातीची ऊब हवी होती. मोहिनीच्या छातीवर मुलगा होता. सिझेरियनचे टाके ओढत होते, दोघांना एकदम घेणं तिला जमेना.

"आजी, हिला तुम्ही घ्या," सिस्टर दिपमाला म्हणाली. "ऊब मिळाली तर वजन धरेल. नाहीतर परत पेटीत."

बाई भिंतीला टेकल्या. "मी नाई. योगराजले सांग."

"ते औषधं आणायला गेलेत. आणि तुम्ही काय पाहुण्या आहात?"

"आई, सकाळपासून लांब लांब उभ्या आहात," मोहिनी म्हणाली. "मुलगी आहे म्हणून?"

"तोंड आवर व बाई!" बाईंचा आवाज चिरकला. "मीच केलं हे. जुळं केळं चारलं तुले, शिकरणीत. एकच लेकरू मागतलं असतं, तर ते पोटात नीट वाढलं असतं. आता कोणत्या तोंडानं उचलू तिले?"

मोहिनी पोट धरून हसायला लागली. "आई, नका ना, टाके तुटतील!" आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "केळ्यानं नाही झालं हो. बाहेर वाढवलेले गर्भ पोटात सोडताना डॉक्टर समजावत होते, एकच ठेवू, दोन म्हणजे जोखीम. मीच हटून बसले. म्हटलं, दोन ठेवा, एक तरी टिकेल. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

बाईंनी सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"चूक कोणाची ते घरी जाऊन वाटून घ्या," दिपमाला म्हणाली. "पोरगी माझ्या हातात गार पडतेय."

बाईंनी हात धुतले, गळ्यातली पोत काढून मोहिनीच्या उशाशी ठेवली. पडद्यामागे चोळीची बटणं सोडून खुर्चीवर रेलल्या. दिपमालानं पोरगी त्यांच्या छातीवर पालथी निजवली, वरून पदर आणि पांघरूण ओढलं. पाखराचं पिल्लू ठेवावं तसं वाटलं. इवलंसं पाऊल बरगडीला लागत होतं, थंडगार. बाई श्वासही बेतानं घेत होत्या. होता होता ते पाऊल कोमट झालं, मुठीत चोळीची कड अडकली.

दिपमालानं पांघरुणात हात घालून तळवा चाचपला. "छान! दमला असाल आजी, द्या इकडे."

"हात लावू नको," बाई कुजबुजल्या. "आत्ता डोळा लागलाय तिचा."