खाली कोण हाय का?

टँकर हलवण्याआधी आमचे ड्रायव्हर मामा एक हात गुडघ्यावर ठेवून वाकायचे आणि चाकांमधल्या अंधारात हाक मारायचे, "खाली कोण हाय का?" उत्तर आलं नाही, की "कोन न्हाई" असं स्वतःलाच सांगून गाडीत चढायचे. तुम्हीही हसला असतात. आम्ही तर रोज हसायचो.

मी शिरूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. मळी आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड आमच्याकडे थंड करून टँकरमध्ये भरतात. मामा तो गुजरातेतल्या एका जुन्या तेलविहिरीवर पोचवायचे. तो जमिनीत सोडून तळाशी अडकलेलं तेल वर काढायचा प्रयोग तिथं चालू होता.

"गॅसनं तेल कसं वर येतं हो?" मी एकदा विचारलं.

मामा राहू गावचे, घरचं गुऱ्हाळ. म्हणाले, "बरणी उलटी केली तरी तळाची काकवी येती का? न्हाई. जरा ऊन पाणी घातलं की सैल होऊन सुटती. ह्यो गॅस तेलात मुरतो आन् त्याला तसाच सैल करतो."

आमच्या इंजिनिअरांनी एवढंच सांगायला भिंतीवर चित्रं दाखवत अर्धा तास घेतला होता.

कासुर्डीच्या धाब्यावर थांबले, तर सगळ्या गाड्या दारात आणि मामांचा टँकर लांब, मोकळ्या रानाच्या कडेला. चहा पिऊन परत तेवढं चालायचं. "गॅस जड असतो. तो सखलात बसतो. आपन वर बसावं." एकदा टँकरखालून कुत्रं निघालं, तर त्यालाच रागावले, "जिवावर उदार झालायस व्हय रं?"

या हाकेचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. निमोण्याला त्यांचा चुलता जुनी विहीर उपसायला उतरला होता. "आधी कंदील सोडायचा असतो. विझला तर उतरायचं न्हाई. त्या दिशी ऱ्हायला. चुलता पडला, त्याला काढायला दुसरा उतरला. दोघंबी गेले." मग म्हणाले, "हितं काडीपेटी गेटवरच काढून घेत्यात. म्हनून निदान हाक मारतो."

त्यानंतर मी हसायचं थांबवलं. पण शहाणा मात्र झालो नाही.

एका दुपारी काट्याखालच्या खड्ड्यात उतरून मी गाळ काढत होतो. वर 'आत माणूस आहे' ही पाटी लावायला विसरलो होतो. शेजारीच मामांचा भरलेला टँकर उन्हात उभा होता. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कानठळ्या बसल्या. माणसं गेटकडे पळाली. मामा उलट्या दिशेनं, काट्याकडे आले.

"खाली कोण हाय का?"

"मी आहे! दोनच मिनिटं, मामा!"

"आधी वर या! बोलायचं ते वर येऊन!"

मामा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. घाबरून मी शिडी चढलो. गॅसचं पांढरं धुकं जमिनीवरून सरपटत खड्ड्याच्या काठापाशी आलंच होतं. मामांनी दंड धरून मला चढावर नेलं.

सेफ्टी ऑफिसरनं ऑक्सिजनचा मीटर दोरीला बांधून खड्ड्यात सोडला. तो किंचाळायला लागला.

मामा बघत राहिले. "कंदीलच की. पर ह्यो बोंबलतो."

"मामा, मी आत पडलो असतो तर तुम्ही उतरला असतात?"

"न्हाई," ते म्हणाले. "दोरी मागितली असती. आन् वर बसून रडलो असतो." त्यांचे डोळे खरंच भरले होते. मग एकदम हसले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, च्या पाजा."

तो चहा मी जन्मात विसरणार नाही. जिवंत माणसाचा चहा होता तो.

मामा आता निवृत्त आहेत. हिवाळ्यात राहूहून काकवीची बरणी पाठवतात. त्यांचा टँकर नवा ड्रायव्हर चालवतो. तो स्टार्टर मारणार, एवढ्यात मी केबिनमधून धावत येतो, गुडघ्यावर हात ठेवतो, वाकतो आणि हाक मारतो. तो हसतो. मी कान देऊन थांबतो.

खालून उत्तर येत नाही. मला फार बरं वाटतं.